निम्म्यावर

गंगावऱ्ह्याच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्यावर
सहा शिडाच्या नावा आहेत, आणि एक मोठी, दोन केबिनची.
मालक ओस्तवाल. द्राक्षं परदेशी धाडतात.
तिच्या पोटात चार बॅटऱ्या, लिथियमच्या,
करड्या, चौकोनी, तोंड मिटलेल्या.
त्यांच्याकडे बघत राहायचं,
याचा मला पगार मिळतो.

आबा म्हणतो, होडीत विस्तव कशाला बाळगता?
त्याच्याही होडीत कंदील असायचा,
पण कंदिलाला वास होता,
काच काजळली की कळायचं,
फुंकलं की विझायचा.
यांचं काय कळतं?

कळतं, आबा. उशिरा कळतं,
म्हणून आधी बघायचं.

वही आहे माझी. शंभर पानी, रेघा मी मारलेल्या.
तारीख. पारा. कुठली किती भरली. शेरा.
नाव उभी असेल तेव्हा निम्म्यावर ठेवायच्या,
गच्च नाही, रिकाम्या नाही,
अर्धपोटी माणूस जागा राहतो तशा.
वर गोणपाट टाकायचं नाही, शेजारी पेट्रोलचा डबा नाही,
केबिनची झडप उघडी,
आणि चार्जर तिचाच. दुसऱ्या कुणाचा लागला
तरी लावायचा नाही.
सातपूरच्या आयटीआयत हे कुणी शिकवलं नव्हतं.
काही पुस्तिकेतून घेतलं,
काही एका जळक्या स्कूटरच्या सांगाड्यापाशी उभं राहून.

जानेवारीतली गोष्ट.
निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटलेल्या,
आमच्या काठावर पारा चारावर.
संध्याकाळी हर्षल ओस्तवालांचा फोन:
उद्या पाहुणे आहेत. चारही फुल पाहिजेत.
रात्रभर लाव आणि घरी जा.

पुस्तिका म्हणते, शून्याखाली भरू नका.
मी पाचलाच थांबते. भित्री म्हणा.
तरी बघायला उतरले,
आणि सवयीनं तिसरीच्या अंगाला
स्टीलची पट्टी लावली.
पट्टी टेकेना.
मधे पोटाला टेकली, दोन्ही टोकांखालून
टॉर्चचा उजेड पलीकडे गेला,
नखाएवढा.

फोन केला. ते म्हणाले, नखाएवढाच ना?

तारा सोडवल्या. टोकांना टेप लावला.
आबाला उठवलं. फळीवर ठेवून,
पावलं मोजत, न धक्का देता,
वऱ्हाडातली नवरीही इतकी जपून कुणी उतरवली नसेल,
काठावर आणली.

आबा म्हणाला, पाण्यात सोड, मिटलं.

आबा, हे पाणी नाशिक पितं.

तो गप्प झाला. मग वाळूच्या खड्ड्यापाशी गेला
आणि आजूबाजूचं वाळकं गवत
विळ्यानं दूरवर कापत सुटला,
कुणी न सांगता.

रात्रभर बसलो, वीस पावलांवर.
शेकोटी नाही. त्या रात्री तरी नाही.
एका घोंगडीत दोघं, थर्मासमधला चहा
दोनदा संपवला, रिकामा पुन्हा उघडून पाहिला.
धूर नाही. गोडसर वास नाही. फुसकन् आवाज नाही.
पहाटे गोदेच्या अंगावर वाफ होती,
तेवढीच काय ती वाफ.

उजाडल्यावर आबा पुढे झाला,
मी नको म्हणेपर्यंत त्यानं
उलटा हात जवळ नेला, न टेकवता,
पोराचा ताप बघतात तसा.
गार आहे गं, म्हणाला. जणू माफी मागत.

नऊला ऊन चढलं. पारा बारावर.
उरलेल्या तिन्ही लावल्या
आणि जवळच स्टूल टाकून बसले.
पाहुणे आले, गॉगल घातलेले,
नाव थोडी सावकाश निघाली.
हर्षलशेठ माझ्याकडे न बघता म्हणाले,
काही झालंच नाही की.

नाही झालं.

संध्याकाळी नाव परतली.
वही उघडली, रेघ मारली.
तिसरी: काढली, वाळूत, गाडी सोमवारी येणार.
बाकीच्या: निम्म्यावर.
शेऱ्याच्या रकान्यात
पेन बराच वेळ धरून बसले,
आणि मग रोजचंच लिहिलं:
काही नाही.